झाकणमावशी घरची नाही

४ फेब्रुवारी

आज डब्या परत आल्या. आमच्या पुठ्ठ्याच्या डब्या! आपल्या घड्याळांसाठी त्या घेणारा घड्याळवाला स्वतः पिशवी घेऊन दारात उभा. ‘रागावू नका, पण झाकणं डुगडुगतात.’ मी भांडायच्या तयारीत होते — तोंड उघडलंच होतं — तेवढ्यात आप्पांनी एक डबी हातात घेतली, उलटी धरली, आणि तळ सुटून टेबलावर पडला.

आमची डबी अशी सुटत नसते. झाकण वर ठेवून हात काढला की ते आपलं आपण सावकाश खाली उतरतं, आतली हवा सुस्कारा टाकत बाहेर येते आणि मग ते बसतं. तळ आप्पा करतात, झाकण झाकणमावशी करते. एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून, मोजपट्टी न लावता. आई गेली त्या वर्षी ती कामाला आली, तेव्हा मी शाळेतसुद्धा जात नव्हते. तिचं हे नाव मीच ठेवलं. आता अख्खी गल्ली तिला झाकणमावशी म्हणते.

आप्पा घड्याळवाल्याला म्हणाले, ‘तळच चुकला असणार. माझा.’

मावशीने मान वर केली नाही. पुठ्ठ्यावर घडी पाडायची हाडाची पट्टी तिच्या हातात होती, ती सुटून खाली पडली. आज कितव्यांदा कोण जाणे. मी उचलून दिली तर तिने ती डाव्या हातात घेतली आणि मलाच म्हणाली, ‘तुझं अस्तर लावून झालं का? बघत काय बसलीस?’

६ फेब्रुवारी

डॉक्टरकडे नेलं. नेलं म्हणजे अक्षरशः ओढून! ‘काही झालेलं नाही, हात झोपलाय नुसता.’ हात झोपलाय तर उठवू या, म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या बोटांना टाचणी टोचली. अंगठ्याला, पहिल्या बोटाला, मधल्या बोटाला. मावशी शांतपणे खिडकीबाहेर बघत होती. तिला कळतच नव्हतं! मलाच रडू यायला लागलं.

मनगटातली नस दबली आहे. वर्षानुवर्षं एकच घडी, एकच दाब. ऑपरेशन लहान आहे, सकाळी जायचं नि संध्याकाळी घरी. पण नंतर दोन महिने त्या हाताने काम नाही. आणि उन्हाळा संपायच्या आत करायला हवं, नाहीतर अंगठ्यातला जोर कायमचा गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘मग बटणसुद्धा लावता येणार नाही हं.’

मावशी म्हणाली, ‘बघू.’

तिचं ‘बघू’ मला लहानपणापासून माहीत आहे. मांजर पाळू या? बघू. शाळेला दांडी मारू? बघू. बघू म्हणजे नाही.

७ फेब्रुवारी

आप्पांनी आज चहाच्या वेळी घसा साफ केला. त्यांना काही महत्त्वाचं बोलायचं असलं की आधी घसा, मग चष्मा, मग शब्द. ‘दोन महिने घरी बसा. पगार चालू राहील. दवाखान्याचंही मी बघतो.’

मावशी म्हणाली, ‘काम न करता पगार? तो कशाबद्दल?’

‘कशाबद्दल म्हणजे... इतकी वर्षं...’

‘त्या वर्षांचा पगार घेतलाय मी. राहिला असेल तर उपकार. तो नको. तो फेडता येत नाही.’

आणि कप उचलून विसळायला गेली, तो डाव्या हातातून पण निसटला. मी, आप्पा, दोघंही धावलो. ‘नवा कप माझ्याच हातून फुटला,’ असं आप्पांनी दुपारी मुद्दाम मोठ्याने जाहीर केलं!

काय करावं ह्या बाईचं? सुंभ जळेल, पण पीळ म्हणून जायचा नाही. ती दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत एकटी राहते. नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच वारला. एवढं सोडून मला तिच्या आयुष्यातलं दुसरं काही माहीत नाही, कारण बाकीचं सगळं आमच्याकडेच गेलं.

११ फेब्रुवारी

समोरचा इस्त्रीवाला सकाळपासून कपाळाला हात लावून बसलेला. नवा कायदा आलाय म्हणे. घरातल्या घरात धंदा असला, एकच माणूस कामाला असला, तरी त्याचा विमा काढायचाच. सक्ती! थोडा हप्ता मालकाने भरायचा, थोडा कामगाराच्या पगारातून. मग त्या माणसाला आजारपणात रजा, रजेत पगार, ऑपरेशन फुकट, म्हातारपणी थोडं पेन्शन. ‘आम्ही मेलो ना!’ इस्त्रीवाला म्हणाला.

मी तिथेच त्याच्या दुकानात नाचले. त्याला वाटलं, चटका बसला.

धावत घरी. मावशीला सगळं सांगितलं. तिने झाकण खाली ठेवलं. ‘म्हणजे माझ्या पगारातून कापणार?’

‘हो.’

‘दर महिन्याला?’

‘हो गं.’

‘मग ते माझंच झालं की.’

‘तेच तर सांगतेय!’

‘मग चालेल.’

हे ‘बघू’ नव्हतं. आप्पा मात्र खळ ढवळत राहिले. आनंद झाला तरी ह्या माणसाचा चेहरा तसाच आणि दाढ दुखली तरी तसाच.

१८ फेब्रुवारी

विम्याच्या कचेरीतली बाई येऊन गेली. पुढच्या दाराची घंटा वाजली तेव्हा मी दचकलेच. ती घंटा कोण वाजवतंय? गिऱ्हाईक, मावशी, पुठ्ठेवाला, सगळे मागच्या गल्लीतून कारखान्याच्या दाराने येतात. कारखाना म्हणजे काय, मागची खोली!

बाईंना खळीच्या वासाने शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. मी त्यांचं नाव शिंकाबाई ठेवलंय. चांगल्या आहेत. चहा घेतला. आप्पा पुठ्ठा आणायला गेले होते, म्हणून मीच सगळी उत्तरं दिली. फाडफाड!

‘ह्या कोण?’

‘ही ना? ही आमच्या घरचीच! मला आईच्या जागी आहे. माझ्या वेण्या हिनेच घातल्यात, खळीच्या हातांनी. केस कडक व्हायचे!’

‘घरचीच? म्हणजे नात्यातल्या?’

‘नात्यापेक्षा जास्त!’

‘पगाराची नोंद वगैरे?’

‘नोंद कशाला? आप्पा चहाच्या बशीखाली पाकीट ठेवतात.’

शिंकाबाई लिहून घेत होत्या. मावशी काहीतरी बोलायला गेली होती, पण मी थांबले तर ना! एवढं भरभरून कुणाबद्दल बोलायची संधी कधी मिळते?

१९ फेब्रुवारी

उगाच छान वाटतंय आज.

२६ फेब्रुवारी

पत्र आलं. ‘पाहणीत असे आढळले की सदर महिला मालकाच्या कुटुंबातील आहे. कुटुंबीयांस कामगार धरता येत नाही. विमा लागू नाही.’

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! मीच! माझ्याच तोंडाने! तिच्या तोंडचा घास काढून घ्यायला दुसरं कुणी कशाला हवं, मी आहे ना घरात!

मावशीने पत्र वाचलं, घडी केली आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. ‘वेडे. जेवलीस का?’

म्हणून तर जास्त रडू आलं.

२७ फेब्रुवारी

कचेरीत गेले. शिंकाबाई (तिथे शिंकत नाहीत!) म्हणाल्या, आता फेरपाहणी. शेजाऱ्यांकडे चौकशी होईल. त्या नोकर आहेत असं दोन जणांनी तरी सांगायला हवं. त्यानंतर मालकाची सही. आणि नोंदणी झाल्यावर दोन महिन्यांनी हक्क सुरू. म्हणजे उशीर करून चालणार नाही. उन्हाळा काय, दाराशी आलाय.

५ मार्च

फेरपाहणी झाली. सगळं लिहून ठेवते.

शिंकाबाई आधी इस्त्रीवाल्याकडे गेल्या. मी त्याला चार दिवस पढवत होते. ‘कामाला आहे म्हणायचं, कामाला!’ तो हो हो म्हणाला. आणि बाईंनी विचारल्यावर काय म्हणावं त्याने? ‘झाकणमावशी? ती त्यांच्या घरचीच हो, नोकरासारखं नाही वागवत तिला!’ वर माझ्याकडे बघून हसला. चांगलं बोललो ना, अशा थाटात. पलीकडची शिवणकामवाली तर म्हणाली, ‘बिनआईची पोर तिनेच तर वाढवली.’ मी दारामागे कपाळ बडवत होते. हे असले शेजारी! एरवी एक चांगला शब्द काढायचा नाही, आणि आजच सगळ्यांच्या जिभेवर साखर!

शेवटी शिंकाबाई कारखान्यात आल्या. रुमाल नाकाला. आप्पा खळ ढवळत उभे होते. बाईंनी मावशीलाच विचारलं, ‘तुम्हीच सांगा. ह्या घरात तुमचं कोण आहे?’

मावशीने हाडाची पट्टी खाली ठेवली. बाईंकडे सरळ बघून म्हणाली, ‘कोणी नाही.’

‘कोणीच नाही?’

‘नाही. मी इथे कामाला आहे. नऊला येते, सहाला जाते. मागच्या दाराने.’

आप्पांचा हात थांबला. खळ बुडाशी लागली, करपल्याचा वास सुटला, तरी त्यांना कळलं नाही.

शिंकाबाईंनी लिहून घेतलं. ‘शेजाऱ्यांपेक्षा ह्यांचा स्वतःचा जबाब धरला जाईल,’ म्हणाल्या. काम झालं. मला आनंद व्हायला हवा होता. ती जे बोलली ते बोलायलाच हवं होतं, मला कळतं. तरी ‘कोणी नाही’ ऐकलं मात्र, मी एवढी मोठी घोडी, आणि शाळेच्या दारात कुणी न्यायला आलं नाही की कसं वाटायचं तसं वाटलं.

६ मार्च

संध्याकाळी आप्पा एकदम म्हणाले, ‘पुढचं दार तिला कोणी बंद केलं होतं का?’

मी म्हटलं, ‘नाही. पण या म्हणून उघडलंही नव्हतं कोणी.’

१० मार्च

अर्ज टेबलावर. आप्पांची सही नाही. ‘करतो.’

१२ मार्च

‘करतो म्हटलं ना.’

एक चांगली गोष्ट: गेला महिनाभर घड्याळवाल्याची तक्रार नाही. डब्या अगदी बसताहेत. हात आपोआप सुधारतोय की काय? देव करो नि तसं असो.

१४ मार्च

भांडण! चांगलं दणदणीत. ‘आप्पा, हप्ता भरावा लागेल म्हणून का सही करत नाही? एवढे चिक्कू कधीपासून झालात?’

आप्पा चष्मा पुसत राहिले. मी अजून दोन-चार वाक्यं सोडली. ती इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाले, ‘हप्त्याचं नाही ते.’

‘मग कशाचं?’

उठून गेले. मावशीने सगळं ऐकलं असणार, भिंत काय पुठ्ठ्याचीच. ती निघताना फक्त एवढंच म्हणाली, ‘त्यांना रागावू नकोस.’ माझं डोकंच फिरलं. हिचा अंगठा चाललाय, आणि ही त्यांची बाजू घेते!

१५ मार्च

आज पहाटेच जाग आली. कारखान्यात दिवा. बघते तर आप्पा टेबलाशी. समोर मावशीची कालची झाकणं रांगेने मांडलेली. एकेक झाकण उचलतात, उजेडात फिरवतात, बोट आतून फिरवतात. मग त्याच्या मापाने तळ कापतात. एका झाकणाला एक तळ. जे झाकण एका कोपऱ्यात सैल, त्याचा तळ त्या कोपऱ्यात केसभर फुगवायचा. जे घट्ट, त्याचा तासायचा. मग झाकण बसवून बघायचं, आणि सुस्कारा ऐकू आला की बाजूला ठेवायचं.

म्हणून तक्रार नव्हती! तिचा हात सुधारला नव्हता. तिचं झाकण जसं येईल तसा ते आपला तळ करत होते. महिनाभर, रोज पहाटे, ती यायच्या आत.

‘तिला सांगू नकोस,’ आप्पा म्हणाले.

मी दारातच बसले. काखेत कळसा नि गावाला वळसा! इतकी वर्षं ह्या दोघांच्या मध्ये बसून मी अस्तरं लावतेय, आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही.

‘आप्पा,’ मी म्हटलं, ‘सही का करत नाही?’

घसा. चष्मा. मग म्हणाले, ‘सही केली की मी मालक आणि ती नोकर. शिक्क्यानिशी. मग मी तिला काही विचारलं, आणि तिला नाही म्हणायचं असलं, तर ती म्हणेल कशी? काम जाईल असं वाटणार नाही तिला?’

‘काय विचारायचंय?’

आप्पांनी एक झाकण उचललं, परत ठेवलं. कानाच्या पाळ्या लाल!

‘मग विचारा की! आज विचारा!’

‘रोजच विचारतो गं,’ म्हणाले. ‘मनातल्या मनात.’

मी त्यांच्या पाठीला मिठी मारून खूप वेळ उभी राहिले. काल काय काय बोलले मी त्यांना! ते मात्र म्हणाले, ‘सोड, खळ लागेल.’

१७ मार्च

विचारलं!! मला बाहेर घालवून. ‘जरा सोनेरी कागद घेऊन ये.’ सोनेरी कागदाची थप्पी कपाटात आहे हे त्यांनाही माहीत, मलाही, मावशीलाही. तरी मी निमूट गेले. इस्त्रीवाल्याच्या बाकावर बसून राहिले. तो म्हणाला, ‘काय झालं?’ म्हटलं, ‘तुमचं तोंड उघडू नका, कृपा करा.’

परत आले तर दोघं टेबलाच्या दोन टोकांना. तळ, झाकण, तळ, झाकण. चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

संध्याकाळी मावशीला पोचवायला गेले. ती म्हणाली, ‘तुला माहीत आहे ना?’

‘काय?’

‘साळसूदपणा करू नकोस.’

‘बरं, माहीत आहे. मग तू काय म्हणालीस?’

‘म्हटलं, आधी सही करा.’

मी रस्त्यातच थांबले. ती पण थांबली. दुखरा हात दुसऱ्या हातात धरून म्हणाली, ‘हे बघ. आज माझा हात चालत नाही. आज हो म्हटलं तर हात गेला म्हणून घर धरलं असं होईल. लोकांचं सोड, मलाच तसं वाटेल. आणि नाही म्हटलं तर उद्या कुठल्या तोंडाने येऊ? आज मला हो पण म्हणता येत नाही नि नाही पण. आधी पायाखाली माझी स्वतःची जमीन येऊ दे. मग सांगते.’

‘पण तुझ्या मनात काय आहे?’

‘तुझ्या नाकावर खळ आहे,’ ती म्हणाली, आणि पदराने पुसली.

१८ मार्च

आप्पांनी सही केली. एवढी सुबक सही त्यांनी आयुष्यात केली नसेल.

३ एप्रिल

कार्ड आलं! तिचं नाव, फोटो, नंबर, आणि नोंदणीची तारीख, २० मार्च. मावशीने ते आधी उलटं, मग सुलटं बघितलं. ‘फोटोत मी रागावलेली दिसते.’ मग म्हणाली, ‘माझ्या नावाने घरी पत्र आलं ते हे पहिलंच.’ खरं नाव वाचून मला क्षणभर परकं वाटलं. हे नाव घेऊन तिला कधी कुणी हाकच मारली नाही, निदान आमच्यात.

दुपारी कार्डासाठी डबी केली. झाकण तिचं, वाकडं. तळ आप्पांचा, तितकाच वाकडा. बसली मात्र झकास.

२० मे

आजपासून हक्क सुरू. मधले दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. ती पट्टी दोन्ही हातांनी धरायला लागली होती.

२३ मे

ऑपरेशन झालं. छान झालं!

खिडकीवरच्या माणसाने विचारलं, ‘पैसे कोण भरणार?’ मावशीने डबी उघडली आणि कार्ड ठेवलं. ‘माझं आहे,’ म्हणाली. एवढं ताठ उभं राहिलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

आत नेताना नर्सने मला विचारलं, ‘तुम्ही कोण ह्यांच्या?’ मी आता चांगली शहाणी झालेय. ताबडतोब म्हटलं, ‘मालकाची मुलगी!’ मावशीला तोवर इंजेक्शन दिलेलं होतं. डोळे मिटलेलेच, जीभ जड. म्हणाली, ‘खोटं बोलते. माझी आहे.’

मी बाहेर बाकावर बसून मनसोक्त रडले.

८ जून

आप्पा तिला भेटायला जात नाहीत! ‘रजेवर असलेल्या माणसाच्या घरी मालकाने जाऊ नये. कधी येता असं विचारल्यासारखं होतं.’ तत्त्वज्ञानी! माझ्या हातून पाव पाठवतात, संत्री पाठवतात, आणि स्वतः झाकणं करायला बसतात. त्यांची झाकणं बघवत नाहीत. त्यातलं एक मावशीला दाखवायला नेलं, ती इतकी हसली की बँडेजचा हात खाटेवर आपटला. ‘त्यांना म्हणावं, कोपरा दाबायचा नसतो, समजवायचा असतो.’ निरोप दिला. आप्पा आता कोपऱ्यांना समजावतात. ऐकत नाहीत कोपरे.

१५ जून

रजेचा पगार तिच्या खात्यात जमा झाला. मावशीने मला कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा पाजला. दुधाचा भरपूर, वर बिस्किटं. मी पर्स उघडली तर डोळे वटारले. ‘आजचा माझा.’

१० जुलै

शिंकाबाई मावशीच्या खोलीवर आल्या होत्या. रजेवर असताना लपूनछपून काम तर करत नाही ना, हे बघायला. मी तिथेच होते. तिथे खळ नाही, म्हणून शिंका नाहीत, म्हणून दोघींच्या गप्पा रंगल्या. निघता निघता मावशीने अगदी सहज विचारलं, ‘बाई, एखादी कामगार मालकाची बायको झाली तर कार्डाचं काय होतं?’

मी बशी खाली ठेवून जवळ सरकले.

‘नाव कमी होतं. बायको कामगार धरत नाहीत.’

‘काम तेच करत असली तरी?’

‘तरी. भरलंय तेवढं राहतं. पुढचं बंद.’

‘बघू,’ मावशी म्हणाली.

बघू! मला रात्रभर दुसरं काही सुचलं नाही.

२५ जुलै

मावशी कामावर! नऊला, मागच्या दाराने. आम्ही दोघं काही ना काही काम असल्यासारखं दाखवत होतो. तिने पुठ्ठा घेतला, पट्टी घेतली — उजव्या हातात — आणि पहिलं झाकण केलं. आप्पांनी जुन्या मापाचा तळ पुढे सरकवला. झाकण ठेवलं, हात काढला. सावकाश, सावकाश, आणि सुस्कारा.

‘जमलं,’ आप्पा म्हणाले. डोळे पुसायला चष्मा काढावा लागला.

३० जुलै

आज तिने सांगितलं. माझ्यासमोरच. ‘मी विचार केला. ते कार्ड मी सोडणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या नावाचं झालंय. कागदावर मी कामगारच राहणार.’

आप्पा म्हणाले, ‘बरोबर आहे.’

‘रागावलात?’

‘नाही.’

आणि खरंच रागावले नव्हते. सहाला ती गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांवर राग काढला. आप्पा दारात येऊन उभे राहिले. ‘तिला “नाही” म्हणता आलं ना?’ म्हणाले. ‘तेवढ्यासाठीच तर थांबलो होतो.’ मग मला भांडी पुसू लागले. मला नको होतं त्यांचं हे शहाणपण. मला मावशी हवी होती, आमच्या टेबलाशी, जेवायला.

३१ जुलै

आप्पा अर्धीच भाकरी खाऊन उठले.

२ ऑगस्ट

सहाला कारखाना बंद. मावशी पिशवी घेऊन मागच्या दाराने गेली, रोजच्यासारखी. मी ताटं मांडत होते. बऱ्याच वेळाने पुढची घंटा वाजली. आप्पा म्हणाले, ‘आता ह्या वेळी कोण?’ आणि उठले.

दारात मावशी. साडी बदललेली, केस विंचरलेले, हातात संत्री.

‘कामावरून सुटले,’ ती म्हणाली. ‘आता उद्या नऊपर्यंत मी कोणाची नोकर नाही. येऊ का आत?’